नजर लागलेले शॉट

आमच्या कामात ‘नजर लागली’ या शब्दांना एक ठरलेला तांत्रिक अर्थ आहे. चित्रीकरण चालू असताना प्राण्याने थेट भिंगात पाहिले, की तो शॉट बाद. प्रेक्षकाला वाटायला हवे की तिथे कोणीच नव्हते. कॅमेरा नव्हता, दिवा नव्हता, झुडपामागे दबून बसलेली तीन माणसे आणि त्यांचा चहाचा थर्मास तर नव्हताच. प्राण्याने एकदा भिंगात पाहिले की तो समज फुटतो. म्हणून संकलनाच्या खोलीत पडद्यावर दोन डोळे आमच्याकडे वळले, की माझी भाची चित्र तिथेच थांबवते आणि म्हणते, “नजर लागली. पुढचा.”

भाची वन्यजीवांवर माहितीपट करते. दिग्दर्शन तिचे आणि कॅमेराही तिचाच. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण लहानपणी ती एका जागी ठरत नसे. आता ती एकाच जागी तासन्‌तास बसते, पण हातात भिंग असते, त्यामुळे नाव बदलायची गरज कोणाला वाटली नाही. मी तिचा मामा. तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यात निवृत्तीपर्यंत काम केले. आता भिंगरीसाठी पेट्या बनवतो. पेटी म्हणजे माणसाशिवाय चित्रीकरण करणारा कॅमेरा. अंगात ऊब असलेले काहीही समोरून हलले, की सेन्सरला कळते, माणसाच्या डोळ्याला न दिसणारा एक दिवा लागतो आणि हालचाल थांबेपर्यंत कॅमेरा चालू राहतो. आमच्यातला तिसरा म्हणजे ध्वनिमुद्रक. पान हलले तरी कोणत्या झाडाचे ते सांगतो, असा त्याचा दावा असल्यामुळे सगळे त्याला कानसेन म्हणतात. मी मामा भिंगरीचा, पण म्हणतात मला सगळेच मामा.

शहराला पाणी पुरवणाऱ्या उपसा केंद्राच्या मागे, वापरातून गेलेला एक गाळाचा तलाव आहे. त्याच्या दगडी बांधातल्या पोकळीत पाणमांजराच्या एका मादीने घर केले होते. पहिल्याच दिवशी ती आमच्या कॅमेऱ्याच्या पिशवीवर शी करून, वास ठेवून, शांतपणे निघून गेली. “भाडेकरूंना अटी सांगून गेली,” कानसेन नाक धरून म्हणाला. तेव्हापासून ती आमची मालकीणबाई.

पंपांच्या घरघरीत आणि लोखंडी नळांच्या जंगलात एक आई पोरे वाढवते, हा भिंगरीचा विषय होता. नदीवरून तिचे येणे, मासेमारी, उन्हात अंग वाळवणे, हे सगळे चित्रित झाले होते. राहिली होती ती पिल्ले. बिळाच्या तोंडाशी कानसेनने लपवलेल्या माइकवर त्यांच्या शिट्ट्या ऐकू येत. ती दोन आहेत असे त्याचे ठाम मत होते. पिल्ले बाहेर येऊन पहिल्यांदा पाण्यात उतरतात, तो प्रसंग मिळाला तर माहितीपट पुरा. नाही मिळाला तर, भिंगरीच्याच शब्दांत, “एका ओल्या प्राण्याचा अल्बम.”

आणि ती बाहेर येईनात. यायची वेळ उलटून गेली होती. शिट्ट्या बारीक होत चालल्या होत्या. भिंगरी तसे बोलून दाखवत नव्हती, पण हेडफोन कानाला लावून डोळे मिटून बसे आणि काढल्यावर कोणाशी बोलत नसे.

त्यात पेटीने आणखी एक कोडे घातले होते. पिल्ले दिसावीत म्हणून बिळापासून थोड्या अंतरावर, बांधाच्या एका खोबणीत मी नवी पेटी बसवली होती. मालकीणबाई सूर्योदयाच्या आधीच्या अंधुक उजेडात त्याच वाटेने ये-जा करी. पेटी तिला न चुकता टिपत होती. आणि प्रत्येक शॉटमध्ये, अगदी प्रत्येक, ती चार पावले चालून थबके आणि सरळ भिंगात पाही.

“नजर लागली. पुढचा. नजर लागली. पुढचा.” भिंगरीने खुर्ची मागे ढकलली. “मामा, हिला कळतंय. तुझ्या पेटीत काहीतरी आहे जे हिला कळतंय.”

“पेटीत लपवण्यासारखं मी काहीही ठेवलेलं नाही,” मी म्हणालो.

हा सगळा संवाद फोनवर ऐकत असलेली माझी बहीण, म्हणजे भिंगरीची आई, तिकडून म्हणाली, “अगं, तुझ्या मामाचा चेहरा आठवत असेल तिला. शाळेतले मास्तरसुद्धा त्याच्याकडे असंच थबकून बघायचे.”

“आई, ठेव फोन.”

अशा वेळी एकच रीत मला माहीत आहे: एका वेळी एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळे जसेच्या तसे ठेवायचे. भिंगाची काच चमकत असेल म्हणून तिच्याभोवती काळ्या कापडाची झालर लावली. मालकीणबाईने पाहिले. पेटीच्या रबरी कडेला वास येत असेल म्हणून ती कड तलावाच्या चिखलात मुरवून परत बसवली. पाहिले. दिव्याची किंचित लाली तिच्या डोळ्याला जाणवत असेल म्हणून दिव्यापुढे आणखी एक गडद काच घातली. तरीही पाहिले, आणि आता, मला वाटले, जरा जवळून.

मला राग येण्याऐवजी कुतूहल वाटू लागले होते. निवृत्त माणसाला सकाळी उठायला कारण लागते, आणि मला एका जनावराच्या नजरेने ते दिले होते.

मग मासा सापडला. पेटीतले कार्ड बदलायला गेलेली भिंगरी परत आली ती तळहातावर बोटाएवढा मासा घेऊन. पेटीच्या अगदी समोर पडला होता, म्हणाली. अखंड होता, दाताची फक्त हलकी खूण. तोंडातून निसटला असेल, असे आम्ही ठरवून टाकले. पुढच्या खेपेला तिथे पुन्हा मासा होता. त्यानंतर दोन होते, एकमेकांना लागून, नीट ठेवल्यासारखे.

“निसटलेला मासा रांगेत पडत नाही,” कानसेन म्हणाला.

“मग शॉटमध्ये दिसायला हवं,” मी म्हणालो. “पेटीसमोर मासा पडला असेल तर पेटीने पाहिलाच असणार.”

“सगळे शॉट बघितलेत मी,” भिंगरी म्हणाली. “एकात मासा नाही.”

“सगळे बघितलेस, की सगळे शेवटपर्यंत बघितलेस?”

कानसेन छताकडे पाहू लागला. खोलीत आम्हा तिघांनाही एकदमच उमगले. प्राण्याने भिंगात पाहिले की आम्ही पुढच्या शॉटवर जात होतो. आमच्या लेखी शॉट तिथे संपत असे. मालकीणबाईच्या लेखी तो तिथे सुरू होत असावा.

“पुढचा नको,” मी म्हणालो. “हाच पुढे बघू.”

भिंगरीने सर्वांत ताजा शॉट लावला. मालकीणबाई आली, थबकली, तिने भिंगात पाहिले. भिंगरीचे बोट सवयीने बटणाकडे गेले आणि तिने ते मुठीत मिटले. पडद्यावरचे डोळे हलले नाहीत. मग मान एका बाजूला कलली, मग दुसऱ्या बाजूला. ती चौकटीबाहेर गेली. रिकामा बांध दिसत राहिला आणि चित्र संपले. लगेचच पुढचे सुरू झाले: ती परत आली होती, मिशा ठिबकत होत्या आणि तोंडात मासा होता. ती पेटीच्या इतकी जवळ आली की चित्र धूसर झाले. तिने मासा खाली ठेवला, नाकाने आमच्या दिशेने सरकवला, आणि वाट पाहिली.

या दुसऱ्या शॉटच्या पहिल्या क्षणी मासा अजून अंधारात होता, दिसत होते ते फक्त भिंगाकडे वळलेले तिचे डोळे. म्हणून तो आम्ही उघडताक्षणीच टाकला होता. असे अनेक निघाले.

“ही कॅमेऱ्याला जेवू घालतेय,” भिंगरी हळू आवाजात म्हणाली.

“परत लाव,” कानसेन म्हणाला. तो पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसला. “मान बघ. नुसतं बघताना कोणी मान अशी करतं का? तिची मान कानाच्या हिशेबानं चाललीये. ती बघत नाहीये, भिंगरी. ऐकतेय.”

“काय ऐकतेय? आवाज वाढव.”

आवाज वाढवला. लांबचे पंप, पाण्याचा चुबुकचुबुक आवाज, तिच्या नखांचा दगडावरचा खरडा. बाकी स्वच्छ शांतता. त्या शांततेचा मला अभिमान होता. पेटीतल्या माइकमागे मी एक फिल्टर बसवला होता. वरच्या पट्टीतली सगळी खरखर तो गाळून टाकी. खुद्द कानसेनने त्याची तारीफ केली होती, आणि तो सहसा स्वतःखेरीज कोणाच्या कामाची तारीफ करत नाही.

आता तोच माझ्याकडे वळून म्हणाला, “मामा, तुम्ही गाळता ते नक्की काय असतं?”

या प्रश्नाचे उत्तर मला माहीत आहे, असे मी अनेक वर्षे समजत होतो.

वटवाघळांवरच्या एका जुन्या माहितीपटासाठी कानसेनने एक यंत्र घेतले होते. माणसाच्या कानाच्या पलीकडे असलेला बारीक आवाज ते ऐकते आणि आपल्याला ऐकू येईल अशा टकटकीत उतरवून देते. ते घेऊन तो दुसऱ्या दिवशी माझ्या कामाच्या खोलीत आला. मी तशीच दुसरी पेटी टेबलावर ठेवली, पंखा बंद केला, दार लावले. भिंगरी खिडकीच्या कट्ट्यावर बसली.

“हात हलवा,” कानसेन म्हणाला.

मी पेटीसमोर हात हलवला. सेन्सरला कळले, दिवा लागला. खोलीत काहीही ऐकू आले नाही. कानसेनच्या हातातले यंत्र मात्र बोलू लागले: टिक्‌टिक्‌टिक्‌, क्षणभर थांबून पुन्हा टिक्‌टिक्‌टिक्‌. दिव्याला लागणारा विजेचा दाब बॅटरीतून थेट मिळत नाही. तो वाढवून देणारे एक छोटे सर्किट मी आत बसवले होते, आणि ते सलग न चालता धापा टाकत चालते. त्या धापा होत्या या. आमच्या कानांना त्या ऐकू येत नव्हत्या आणि आमच्या ध्वनिमुद्रणात फिल्टर त्यांना येऊ देत नव्हता. मी आवाज मुद्रणातून काढला होता, जगातून काढला नव्हता.

“एवढंच असेल तर ती पळून जायला हवी,” भिंगरी म्हणाली. “कर्कश असेल ना तिला? मासा कशाला आणेल?”

उत्तर तलावावर होते. दुपारी, मालकीणबाई नदीवर गेली असताना, कानसेन ते यंत्र घेऊन बांधाच्या वरच्या अंगाला पोटावर आडवा झाला आणि त्याने हात लांब करून ते बिळाच्या दिशेने धरले. आम्ही झुडपामागे होतो. पिल्लाची शिट्टी आली, आम्हाला रोज ऐकू येणारी. पण यंत्राने त्या शिट्टीच्या वर दडलेला, आम्हाला कधीच ऐकू न आलेला भाग उलगडला: टिक्‌टिक्‌टिक्‌. थांब. टिक्‌टिक्‌टिक्‌.

कानसेन सरपटत परत आला. त्याच्या शर्टाला पुढून चिखल आणि मागून गवत लागले होते, पण चेहरा असा, जणू स्वतःच शोध लावला आहे; आणि खरे तर लावलाच होता.

“भुकेलं पोर आणि तुमची पेटी एकाच ठेक्यात रडतात,” तो म्हणाला. “मामा, तुम्ही त्या बाईला मामा बनवलंत!”

“मामा नाही रे,” भिंगरी म्हणाली. “आई बनवलं.”

आम्ही हसलो. ते हसू फार टिकले नाही, कारण भिंगरीच त्यातून आधी बाहेर आली. “म्हणजे ती रोज तिसरं पोर पोसतेय. आणि ते पोर कधीच गप्प होत नाही. ती समोर आली की जास्तच रडतं.” तिने बिळाकडे पाहिले. “त्या दोघांच्या तोंडचा घास आपण खातोय.”

हा तर्क होता, सिद्धान्त नव्हे. एवढ्या निरीक्षणावर मी कोणत्याही अहवालावर सही केली नसती. पण बारीक होत जाणाऱ्या शिट्ट्या माझ्याही कानावर होत्या.

अडचण अशी की भिंगरीने माशाचा शॉट आदल्या संध्याकाळीच आनंदाच्या भरात चॅनेलच्या बाईंना पाठवला होता. हा माहितीपट दाखवावा असा आग्रह वरिष्ठांकडे धरणे त्यांच्या हाती होते. आम्ही तलावावरच असताना त्यांचा फोन आला. भिंगरीने तो आम्हालाही ऐकू येईल असा लावला.

“अगं, काय पाठवलंयस तू! मी सगळ्या ऑफिसला दाखवला. पिल्लांचं राहू दे, हाच माहितीपट आहे! कॅमेऱ्याला घास भरवणारी आई. असे आणखी हवेत. वेगवेगळे मासे, जमलं तर पावसात एखादा. पेटी तसूभरही हलवू नका.”

“मॅडम, पेटी आम्ही बंद करतोय.”

“का? बिघडली?”

“चालतेय, हाच बिघाड आहे.” भिंगरीने थोडक्यात सगळे सांगितले.

“हे बघ, एखाद-दुसऱ्या माशानं काय होतंय? अजून थोडे दिवस कळ काढ. नंतर करा बंद.”

“त्या पोरांना कळ काढायला सांगू का?”

“तू मला पिल्लं दाखवू शकतेस का? नाही ना? मग हातात आहे ते सोडून पळत्याच्या मागे कशाला लागतेस?” बाईंचा आवाज वाईट नव्हता, घाईत होता. “विचार कर. एवढं मिळालेलं घालवलंस तर मी तुझ्यासाठी वर भांडू शकणार नाही.”

फोन ठेवल्यावर कानसेनने मनातली शंका बाहेर काढली. “पेटी एकदम गप्प झाली तर? पोर मेलं असं वाटून ती बिऱ्हाडच हलवेल. मग पिल्लंही नाहीत आणि हेही नाही.”

“शक्य आहे,” मी म्हणालो.

“मामा, तुझं काय मत?”

मी आयुष्यभर मोजता येणाऱ्या गोष्टींवर मत दिले आहे. म्हणून म्हणालो, “ती काय करेल ते मला सांगता येणार नाही. पेटी गप्प करता येईल, तेवढं सांगतो.”

भिंगरीने चिखलाचे हात पॅन्टला पुसले. “कर गप्प.”

काम अवघड नव्हते, ओझ्याचे होते. दाब वाढवणारे सर्किट काढून टाकले आणि दिव्याला हवा तेवढा दाब थेट देतील अशा मोठ्या बॅटऱ्या जोडल्या. पेटी दुप्पट जड झाली. बांधावर चढवताना कानसेनने तिला आणि मला मिळून जे विशेषण लावले ते इथे देत नाही. पण त्याच्या यंत्रापुढे हात हलवला तेव्हा यंत्र मुके राहिले. जुनी पेटी उतरवली आणि त्याच खोबणीत, त्याच कोनात ही बसवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघेही संकलनाच्या खोलीत उभेच होतो. बसायचे कोणाला सुचले नाही.

मालकीणबाई आली. या वेळी मासा ती आधीच घेऊन आली होती. थबकली, भिंगात पाहिले. कोणीही ‘पुढचा’ म्हणाले नाही. तिने मासा खाली ठेवला आणि मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या. पेटी गप्प. तिने पुढे होऊन नाकाने पेटीला ढोसले, चित्र हादरले. मागे सरली, बसली. मिशांवरचे पाणी टपकत होते. मला वाटून गेले, एकदाच, अगदी एकदाच पेटीने आवाज द्यावा. हा विचार तांत्रिकदृष्ट्या अत्यंत गैर होता, म्हणून मी तो कोणाला सांगितला नाही.

मग बांधातल्या बिळाकडून शिट्टी आली. बारीक, पण ही मुद्रणात होती. आम्हा सगळ्यांना ऐकू आली. मालकीणबाईची मान तिकडे वळली. तिने पेटीकडे आणखी एकदा पाहिले, मासा उचलला आणि शिट्टीच्या दिशेने गेली.

भिंगरीने नाक ओढले. “धूळ आहे या खोलीत,” ती म्हणाली.

“केवढी,” कानसेन म्हणाला आणि खिडकी पुसू लागला.

पेटीसमोर पुन्हा मासा सापडला नाही. मालकीणबाई त्यानंतरही थबके, पण दिवसेंदिवस कमी, आणि मग नुसतीच पुढून निघून जाऊ लागली. आमच्या नेहमीच्या हिशेबाने ते उत्तम शॉट होते. हेडफोनमधल्या शिट्ट्या भरदार झाल्या. भिंगरी पुन्हा बोलू लागली, इतकी की कानसेनने शांततेची मागणी केली.

पिल्ले बाहेर आली ती लख्ख उजेडात, आम्ही थर्मास उघडत असताना. दोनच होती, कानसेनने ते नंतर पुन्हा पुन्हा ऐकवले. भिंगरीने कप माझ्या हातात कोंबला आणि ती कॅमेऱ्याला चिकटली. एक पिल्लू काठाशी येऊन पाण्याकडे बघत किंचाळत बसले. दुसऱ्याला मालकीणबाईने मानगूट धरून सरळ पाण्यात नेले, आणि ते बुचासारखे वर आले, संतापलेले. भिंगरीचा कॅमेरा जराही हलला नाही. तिचे खांदे मात्र हलत होते.

चॅनेलच्या बाई वर भांडल्या, आणि जोरात भांडल्या असे ऐकतो. माशाचा एक शॉट भिंगरीने माहितीपटात ठेवला. त्यावर तिच्याच आवाजात, ही चूक आमच्या पेटीची, असे दोन वाक्यांत सांगितले. लगेच पुढे तो गप्प पेटीसमोर वाट पाहण्याचा शॉट, पूर्ण, एकही चौकट न कापता.

शेवटचे कार्ड आम्ही पेटी काढून आणली त्या दिवशी पाहिले. त्यात विशेष काही असायची अपेक्षा नव्हती. बांध, पाणी, उडून गेलेला पक्षी. मग खालून एक लहानसे डोके वर आले. ते किंचाळणारे पिल्लू होते, आता चांगले गुबगुबीत. ते पेटीपाशी आले, कड हुंगली, आणि डोळा भिंगाला लावला. पेटी गप्प होती. तिच्यात ऐकण्यासारखे काहीही नव्हते, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. तरी ते बघत राहिले. श्वासाने काच धुरकटली.

“नजर ला—” कानसेनच्या तोंडून सवयीने निघाले.

“श्शू,” भिंगरी म्हणाली. तिने दोन्ही हात मांडीवर घेतले, आणि पुढे काय होते ते पाहायला आम्ही तिघांनी खुर्च्या पडद्याजवळ ओढल्या.